काजीवर घातलेला आळ

बाबल,

परवा सुगंधाने तुझ्या खेळण्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, "ताई, तुमीच उघडा. माझ्यान होवचा नाय." मी किल्ली घेतली आणि तिथेच ओटीवर बसले. तिला, तुझ्या बायकोला, वाटलं, मला रडू येतंय. रडू येत नव्हतं. भीती वाटत होती. त्या कपाटातून काय निघेल, याची.

तुला जाऊन महिना होत आला. सगळे मला सांभाळून घेतात, शाळेतल्या बाई माझे वर्ग घेतात, शेजारीण डबा आणून देते. त्यांना वाटतं, सख्ख्यासारखा चुलतभाऊ गेला, दुःख आहे. दुःख आहेच. पण त्याच्यावर भीती बसली आहे आणि ती कोणाला दाखवता येत नाही. जगात एकाच माणसाला ती कळली असती, तो तू. म्हणून तुलाच लिहिते आहे. तुझ्याशी आयुष्यभर मालवणीत भांडले, पण लिहायला बसलं की हात शाळेच्या भाषेतच चालतो. तू म्हणाला असतास, "इली शाळेतली बाई."

तीस वर्षं तू जत्रांमधून खेळणी विकलीस. दिवाळी झाली की आचऱ्याकडून निघायचास, ते शिमग्यापर्यंत या गावची जत्रा, त्या गावची जत्रा. टीव्ही आणि सिनेमा तुझ्याइतका मन लावून कोणी बघत नसेल. तुला त्यातल्या गोष्टीशी काही घेणं नसायचं. पडद्यावर माणसं हातात काय धरतात, तेवढंच तू बघायचास. हिरो मोठा गॉगल लावायला लागला की पुढच्या जत्रेत तुझ्या टेबलावर प्लास्टिकचे गॉगल. क्रिकेटचा कप आला की बॅटी. पोरं पैलवानांच्या पत्त्यांवरून मारामाऱ्या करायला लागली, तेव्हा तुझ्याकडे त्या पत्त्यांचे गठ्ठे होते. आणि दर हंगामातला एक नग तू विकायचा नाहीस. तो घरी कपाटात जायचा.

एकदा मी तुला ते सगळं घेऊन आमच्या शाळेत बोलावलं होतं. तू कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलास. टेबलावर आधी तुझ्या आईच्या, काकीच्या लहानपणची सावंतवाडीची लाकडी ठकी ठेवलीस, नाक झिजलेली. मग वातीवर चालणारी पत्र्याची होडी. ती तू परातीत पाणी घालून चालवून दाखवलीस आणि चौथीचा वर्ग बाकांवर चढला. टिकल्यांची बंदूक. डोळ्याला लावून बटण दाबलं की नटनट्या दिसणारा निळा कॅमेरा. दोरी ओढून सोडायचे ते कडं असलेले भोवरे. बटण दाबलं की सिनेमाचं गाणं म्हणणारा खोटा मोबाइल. तू मुलांना सांगितलंस की खेळणं बघितलं की कळतं, त्या वर्षी आईबाप काय बघत होते. मोठी माणसं जे डोळे फाडून बघतात, तेच पोरं अंगणात खेळतात.

तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "काका, धनुष्यबाण नाही का?"

तू तिच्याकडे बघून हसलास. "होता," म्हणालास. "टिकलो नाय."

मी फळा पुसायला लागले. फळा कोराच होता.

ती गोष्ट आता मी क्रमाने लिहिते. आजवर कधी लिहिली नाही, मनातसुद्धा सरळ मांडली नाही.

आपण दहा वर्षांचे होतो. तू माझ्याहून आठ महिन्यांनी मोठा. आई गेल्यावर बाबा मला तुमच्याकडे ठेवून मुंबईला परत गेले होते आणि काकीने मला तुझ्याच ताटात जेवायला बसवलं होतं. त्या वर्षी रविवारी सकाळी वाडीत माणूस दिसायचा नाही. सगळे पोस्टमनच्या घरी, टीव्हीवरची देवांची मालिका बघायला. काकी आंघोळ करून जायची आणि हात जोडूनच बसायची. मालिकेत युद्ध सुरू झालं आणि त्या जत्रेत खेळण्यांच्या टेबलांवर दुसरं काही उरलंच नाही, सोनेरी कागद चिकटवलेली धनुष्यं आणि पुठ्ठ्याच्या गदा. काकांनी तुला एक धनुष्य घेतलं. मला नाही. खेळात तुम्ही मुलगे देव आणि राक्षस व्हायचात, आम्ही मुली वरून फुलं टाकायचो.

आठवड्याभराने एका दुपारी तू ते धनुष्य माझ्या हातात दिलंस. म्हणालास, आज तू मार, मी राक्षस होतो. मी मागितलं नव्हतं. किती दिवस मी त्याच्याकडे बघते आहे, हे तू पाहिलं होतंस. बाणाचं पुठ्ठ्याचं टोक केव्हाच गळून गेलं होतं. मग मी माळ्यावरून मोडक्या छत्रीची काडी काढून आणली. तू नाही, मीच आणली, बाबल. टीव्हीवरचा बाण कसा लखलखत जायचा, आणि मला तसाच लखलखणारा बाण हवा होता.

तू गवताच्या उडवीमागे जाऊन लपलास. हात वर करून, मोठ्याने हसत बाहेर आलास, मालिकेतला राक्षस हसतो तसा. मी दोरी सोडली.

तू खाली बसलास, मग आडवा झालास. मला वाटलं, तू मेल्याचं नाटक करतो आहेस. मी हसले. टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. मग तू उठून बसलास तेव्हा डावा डोळा हाताने दाबलेला होता आणि बोटं लाल होती.

तू ओरडला नाहीस. मला म्हणालास, "लता, ती काडी बावीत टाक. मी काजीवरसून पडलंय म्हणान सांगतंय." मी उभीच राहिले. तेव्हा तू म्हणालास, "तू सांगा नको कोणाक. तुका मुंबैक धाडतले."

मी काडी विहिरीत टाकली.

कुडाळला नेलं, तिथून कोल्हापूरला. डोळा राहिला नाही. तू सगळ्यांना तेच सांगितलंस, काजूच्या झाडावर चढलो होतो, पाय सटकला, फांदीची काटकी घुसली. दहा वर्षांचं पोर, डोळ्यावर पट्टी, आणि एकदाही तुझ्या सांगण्यात फरक पडला नाही. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी काकांनी कुऱ्हाड घेतली आणि अंगणातली काजी तोडली. त्या झाडाचं काही चुकलं नव्हतं. मी पडवीच्या खांबाला धरून बघत होते. प्रत्येक घावाला वाटत होतं, आता मी बोलेन. झाड पडलं, मी बोलले नाही.

मग मी भीतीतच मोठी झाले. काकीने माझी वेणी घालताना हात जरा थांबवला की वाटायचं, हिला कळलं. बाबांचं मुंबईहून पत्र आलं की वाटायचं, बोलावणं आलं. बोलावणं कधी आलं नाही. मी तुमच्याच घरी वाढले, डी.एड. झाले, तुमच्याच दारातून लग्न होऊन पलीकडच्या गावात आले. तू दिलेल्या त्या एका खोट्यावर माझं सगळं उभं आहे. मी तुझे आभार मानले नाहीत, कारण आभार मानायचे तर ती गोष्ट काढावी लागली असती.

रस्त्यातून चालताना मी नेहमी तुझ्या डाव्या बाजूला राहायचे. कोणी बघितलं असेल तर सवय वाटली असेल. तू काही म्हणायचा नाहीस. नुसता अर्धं पाऊल उजवीकडे सरकायचास, मला जागा करून द्यायला.

आपलं भांडण मात्र कायम एकाच गोष्टीवरून. बंदुका. मी म्हणायचे, बाबल, निदान बंदुका विकू नकोस. तू म्हणायचास की सिनेमात, बातम्यांत सगळीकडे बंदुका, पोरांनी काय लाटणं घेऊन खेळायचं? एकदा मी फारच बोलले, शिक्षिकेच्या आवाजात. तू बॉक्स बांधत होतास. वर न बघता म्हणालास, "बंदुकीन आमच्या घरात कोणाचा काय झाला नाय गो."

या हंगामात तू मऊ फोमच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुका आणल्यास. पोरं मोबाइलवर लढाईचे खेळ खेळतात, त्यातल्यासारख्या. जत्रेच्या तीन दिवस आधी फोनवर मी पुन्हा सुरू केलं. गोळी मऊ असली तरी डोळ्याला लागली तर काय, असं म्हणाले. आणि मग तोंडातून गेलं, "तू तरी…"

तू म्हणालास, "मी तरी काय?"

आणि थांबलास. मागे टीव्ही चालू होता, तो तू बंद केलास. नक्की केलास, आवाज गेला. तू वाट बघत होतास, बाबल. इतकी वर्षं वाट बघितलीस तशीच, पण या वेळी फोन कानाला लावून. मला एवढंच म्हणायचं होतं की ती मी होते, आणि तू सांगितलं नाहीस. मी म्हणाले, गॅसवर भात आहे, आणि फोन ठेवला.

दर वर्षी आपल्या गावच्या जत्रेला टेबल मांडायला मी यायचे. या वर्षी रागाने आले नाही. रागाने म्हणते आहे, पण राग नव्हता. तुझ्यासमोर उभं राहायला घाबरले होते.

दुपारी तीनच्या सुमाराला, माणसं जमायच्या आधी, तू खोकं घेऊन रस्ता ओलांडत होतास. पिकअप गाडी डावीकडून आली. फार जोरात पण नव्हती. चालकाने हॉर्न दिला, पण देवळात स्पीकरची तपासणी चालू होती. तो पोलिसांना रडत सांगत होता की त्यांनी गाडीकडे मान वळवलीच नाही. सुगंधा हॉस्पिटलच्या पायरीवर बसली होती. जो येईल त्याला तेच सांगत होती, "डाव्या अंगान इली गाडी. तेका दिसाक नाय."

ते वाक्य मी ऐकलं आणि माझ्या कानात वारा भरल्यासारखं झालं. डोळा मी घेतला होता. डावीकडे चालणारी मी, आणि मीच नव्हते.

तुला घरी आणल्यावर काकी रडली नाही. अंगणात, जिथे ते झाड होतं तिकडे बघून म्हणाली, "त्या काजीन माझो झील खाल्ल्यान." सदतीस वर्षांपूर्वी तोडलेलं झाड. बायका तिला धरून आत घेऊन गेल्या. मी भिंतीला टेकले, कारण मला वाटलं, आता ती मान वळवून माझ्याकडे बघेल.

त्यानंतरचे दिवस मी चोरासारखे काढले. दहाव्याला, तेराव्याला काकीच्या जवळ बसायची पाळी आली की काहीतरी काम काढून उठायचे. भांडी घासली, अंगण सारवलं, लोकांना वाटलं, केवढं करते. फोन वाजला की नाव बघूनच उचलायचे. आणि एक भीती वेगळीच होती: तू कुठेतरी लिहून ठेवलं असशील. तू प्रत्येक खेळण्याला चिठ्ठी बांधायचास ना.

तर परवा मी कपाट उघडलं. सुगंधा दारात उभी होती. चार खणांमध्ये सगळं नीट लावलेलं, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, तुझ्या त्या तिरक्या अक्षरात. निळ्या कॅमेऱ्याला: "पोरांच्या आवशी दुपारची झोप सोडून पिक्चर बघायच्या तेव्हाचो." भोवऱ्याला: "कार्टूनवाल्या वर्सांचो. शाळेत बंदी आली होती." मी एकेक चिठ्ठी वाचत खाली गेले. सगळ्यात खालच्या खणात फोमच्या गोळ्यांची बंदूक होती, या वर्षीचा नग, चिठ्ठी बांधलेली पण कोरी. धनुष्य नव्हतं. त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मला हायसं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग कळलं की आता ही गोष्ट माहीत असलेलं माणूस जगात मी एकटी. मी गप्प बसले तर तू झाडावरून पडलेला एक धडपड्या पोरगा होतास, एवढंच राहील. डोळा फुटलेला असताना दहा वर्षांच्या मुलाने आधी दुसऱ्याचा विचार केला, हे कधी झालंच नव्हतं असं होईल. तुझी सगळ्यात मोठी गोष्ट मी माझ्या भीतीपायी पुसून टाकणार होते. ती भीती आधीच्या भीतीपेक्षा मोठी निघाली.

काकी मागच्या पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. सुगंधा माझ्या मागून आली होती. मी सगळं सांगितलं. छत्रीची काडी, उडवी, टाळ्या, विहीर. टाळ्याही वगळल्या नाहीत.

काकीचे हात सुपात थांबले. मग ती म्हणाली, "मगे ती काजी फुकटच तोडली आमी."

मी हो म्हणाले.

"आणि तुका मी खंय धाडणार होतंय? माझां चेडू तां."

मला लेक म्हणाली, पण माझ्याकडे बघून नाही, सुपाला म्हटल्यासारखं. मग भिंतीला धरून उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. सुगंधा अजून उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. ती म्हणाली, "थंडीत तेचो डोळो ठणकायचो. इतकी वर्सां मी शेक देत इलंय. तुमी थयच बसान बगीत ऱ्हवलात." मग तीही आत गेली. मी तांदूळ निवडून संपवले, सूप झाकून ठेवलं आणि घरी आले. दुसरं काय करायचं, ते सुचलं नाही.

चार दिवस तुझ्या घरून फोन आला नाही. मी शाळेत जात होते, हजेरी घेत होते, मुलांची नावं चुकत होती. वाटत होतं, ज्याला दहाव्या वर्षी घाबरले होते ते आता झालं. मला घरातून काढलं. पण तुला खरं सांगते, त्या चार दिवसांत पहिल्यांदाच तुझ्यासाठी नीट रडले. आधी जागाच नव्हती.

पाचव्या दिवशी सुगंधाचा फोन आला. आवाज कोरडा. "आये बोलवतासत," म्हणाली, आणि ठेवला.

मी गेले. काकी पडवीतच होती. मला चहा दिला नाही, बस म्हणाली. मग विचारलं, "तेना पडल्यार पयला काय म्हटल्यान, तां परत सांग."

मी सांगितलं. तुझे शब्द, जसेच्या तसे. ती डोळे मिटून ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते, पाठ करत असल्यासारखे. मग म्हणाली, रडला का? मी म्हणाले, नाही. ती म्हणाली, काटा टोचला तरी घर डोक्यावर घ्यायचा. पुन्हा विचारलं, उठून चालत आला की तू धरून आणलंस? शर्ट कुठला होता? दुखत असताना तुझ्याकडे बघत होता का? बाबल, तुझं सगळं तिच्याकडे आहे, दात, पहिली पाटी, आजारपणं. ही एक दुपार नव्हती. ती मी तिच्यापासून लपवून ठेवली होती, आणि आता ती घोट घोट करून घेत होती.

मला तिने माफ केलेलं नाही. तसं ती म्हणाली पण. "माका तुझो राग आसा. जायत तेवा जायत." सुगंधा सगळा वेळ चौकटीत उभी होती. बसली नाही, निघूनही गेली नाही.

निघताना काकीने उद्या परत ये म्हणून सांगितलं. अजून विचारायचं आहे म्हणाली. काय विचारेल, मला माहीत नाही. त्या दुपारचं सांगून झालंय, पुढचं कोल्हापूरचं राहिलंय, आणि फोनवर तू थांबला होतास ते तर मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. भीती तीच आहे, बाबल. उद्या शाळा सुटली की जाते.

— लता